एक्केचाळिसावं वाक्य

बदलापूर, ता. ८ जानेवारी १९९५

नाथादादा,
सप्रेम जयभीम.

बुधवारी, चार तारखेला, तुमच्या आईचं, कौसामावशीचं, वर्षाचं पुण्यानुमोदन चामटोलीला तुमच्या शंकररावमामांकडे झालं. तुम्हाला कळवलं होतं असं मामा म्हणाले. अंबरनाथहून भन्ते आले होते. चाळीसेक माणसं जेवली. तुम्ही आला नाहीत यावर कोणी काही बोललं नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही.

लिहिण्याचं कारण वेगळं. विठ्ठलवाडीहून बनूबाई आल्या होत्या. त्या अजून त्याच गाळ्यात जीन्सचे धागे कापतात. तुमच्या आईच्या जागी आता दुसरी बाई बसते, पण तिचा हात चालत नाही, असं सांगत होत्या. निघताना त्यांनी मला एक पिशवी दिली. तुम्ही खोली रिकामी केलीत तेव्हा ती फळीवर राहिली होती. आत तुम्ही मस्कतहून मावशीला लिहिलेली पत्रं आहेत, जीन्सच्या पट्टीने बांधलेली. जुलै १९८७ पासून डिसेंबर १९९३ पर्यंतची, एकूण चौऱ्याहत्तर. मी मोजली, वाचली नाहीत. आलेल्या दिवशी मीच ती मावशीला वाचून दाखवलेली आहेत.

पत्रं तुमची आहेत. रजिस्टरने पाठवू की तुम्ही याल तोपर्यंत ठेवू, ते कळवा.

आम्ही जूनमध्ये चाळ सोडली. आता बदलापूरला राहतो. मी अंबरनाथला एका कारखान्यात कॉम्प्युटरवर आहे. काम ठीक आहे.

पूर्वी मी तुम्हाला अरेतुरे करत असे. या पत्रात केलेलं नाही. तो हक्क मी सध्या धरत नाही.

मीनल


बदलापूर, ता. १९ फेब्रुवारी १९९५

नाथादादा,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. दोनच ओळी आहेत: "पत्रं जाळून टाका. मरतानासुद्धा मला कळवू नको म्हणाली, तिला माझ्या पत्रांचं काय होतं."

पहिली गोष्ट आधी लिहिते, कारण पुढचं तुम्ही वाचाल की नाही मला माहीत नाही. मावशी "कळवू नको" असं कधीही म्हणाली नाही. तिने तुम्हाला बोलावलं होतं. जुलै १९९३ मध्ये, स्पष्ट शब्दांत. ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही.

का पोचलं नाही, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

१९८९ च्या रजेत तुम्ही मला खिशात मावणारा कॅसिओ आणून दिलात, बेसिकचे प्रोग्रॅम चालणारा. त्यावर मी लिहिलेला पहिला प्रोग्रॅम तुम्हाला आठवत असेल. जन्मतारीख घातली की वार सांगायचा. सगळी चाळ आपापला वार विचारायला आमच्या दारात उभी राहिली होती. मावशीनेही विचारलं. तिला तारीख माहीत नव्हती, साल माहीत नव्हतं. मी म्हटलं, तारीख नसेल तर उत्तर नाही. ती म्हणाली, "म्हंजे यंत्राच्या लेखी मी जन्मलेच नाय." तुम्ही खूप हसलात. मला तेव्हा त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. माहिती अपुरी होती, एवढंच.

पुढे डिप्लोमा करता करता मी कॅम्प दोन वस्तीतल्या एका कॉम्प्युटर क्लासवर शिकवायला लागले. रविवारी क्लास बंद असायचा आणि किल्ली माझ्याकडे. तिथे एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता. तो इंग्रजी छापायचा. मला त्याच्याकडून मराठी छापून घ्यायचं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. मराठी छापण्यासाठी कॉम्प्युटरमध्ये बसवायची कार्डं बाजारात मिळतात हेही मला माहीत होतं. ती क्लासवर असती तरी मी हेच केलं असतं. ते आतून कसं होतं, हे मला बघायचं होतं.

मी आलेखाच्या वहीत एकेक अक्षर ठिपक्यांनी काढलं. प्रिंटरच्या डोक्यात टाचण्या असतात. एका फेरीत आठ ठिपक्यांची उंची छापून होते आणि आपल्या अक्षराला ती पुरत नाही, म्हणून दोन फेऱ्या. वरच्या फेरीत वेलांट्या, मात्रा, शिरोरेघ. मग कागद किंचित पुढे सरकवून खालच्या फेरीत अंग. कागद केसभर जास्त सरकला तर अक्षराची मान तुटल्यासारखी दिसायची. ती मान सांधायला मला पाच रविवार लागले. क्लासचे वासवानी सर एकदा डोकावले. "मीनल, ये क्या रंगोली बना रही है? एक्झाम में आयेगा क्या?" मी म्हटलं, नाही. "तो फिर?" शिरोरेघ पहिल्यांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड छापली गेली, तेव्हा रिकाम्या क्लासमध्ये मी एकटी टाळ्या वाजवत होते.

अक्षरं झाली. छापायचं काय, हा प्रश्न उरला. मावशीची पत्रं मी आधी वहीत कच्ची लिहून मग एरोग्रामवर उतरवत असे. त्या वह्या घरात होत्या. छप्पन्न पत्रं. मी वाक्यं मोजली: चारशे बारा. आणि माझ्या लक्षात आलं की ती पुन्हा पुन्हा तीच आहेत. आम्ही खुशाल आहोत. पत्र मिळालं, वाचून आनंद झाला. पाणी एक दिवसाआड येतं. उन्हात फिरू नकोस. मी त्यांचे गट पाडले. चाळीस वाक्यांत तीनशे एक्क्याऐंशी बसली. शंभरातली ब्याण्णव. हा आकडा मला फार आवडला.

प्रोग्रॅमचं नाव मी CHITHI ठेवलं. नंबर घातले की तो त्या वाक्यांचं पत्र छापायचा. दोन पत्रं सारखी दिसू नयेत म्हणून वाक्यांची अदलाबदल करायचा. महिन्याप्रमाणे आंबे, जयंती, दिवाळी आपोआप घालायचा. फेब्रुवारी १९९२ पासून तुम्हाला जी छापील पत्रं आली ती अशी आली. मावशीने पहिलं पत्र हातात घेऊन विचारलं होतं, "यात तुजं अक्षर कुठाय?" मी म्हटलं, मशीनचं आहे. ती म्हणाली, "आसंल. नाथ्याला वाटंल, आय हापिसात बसती." तुम्ही उलट टपाली लिहिलंत की मीनलने कमाल केली, तिकडच्या कामगारांच्या कॅम्पातल्या सगळ्यांना दाखवलं.

जुलै १९९३ च्या पत्रात या सगळ्यात मावशीची एक गोष्ट राहून गेली. पोटात गाठ आहे, ऑपरेशन सांगितलं आहे, तू ये, अशी. चूक माझी आहे. माफ करा.

मीनल


बदलापूर, ता. २६ फेब्रुवारी १९९५

नाथादादा,
सप्रेम जयभीम.

मागच्या पत्रात दोन शब्द खोटे आहेत. "राहून गेली" असं मी लिहिलं. राहून गेली नव्हती. मी ती ठेवली. आता क्रमाने लिहिते.

१० जुलै १९९३, शनिवार, संध्याकाळ. मावशी आणि बनूबाई गाळ्यावरून आणलेला जीन्सचा ढीग घेऊन दारात बसल्या होत्या. मी पत्रासाठी गेले. छापील पत्रं सुरू झाल्यापासून मी तिच्याकडे वही नेत नव्हते. ती बोलायची आणि मी मनात नंबर लावायचे. अर्धा तास बोलली की माझ्या चिठ्ठीवर पाच-सहा आकडे असायचे. त्या दिवशी ती फार थोडं बोलली. गाठीचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. ऑपरेशनच्या कागदावर घरच्या माणसाची सही लागते, ती तुम्हीच करायची, तुम्ही आल्याशिवाय ती ऑपरेशन करून घेणार नाही, असं सांगितलं. याला माझ्याकडे नंबर नव्हता.

११ जुलै, रविवार, सकाळ. मी क्लासवर गेले. यादीत चाळीसच वाक्यांची जागा होती. एक्केचाळिसावं घालायचं तर प्रोग्रॅम उघडून जागा वाढवायला हवी होती. शिवाय "ऑ" हे अक्षर मी काढलेलं नव्हतं. मिळून दीड तासाचं काम. मी तुमच्या आईच्या पत्रासाठी तो दीड तास दिला नाही. मी ९ आणि २६ हे नंबर घातले. नऊ: "माझी तब्येत बरी आहे, वयाप्रमाणे थोडं चालायचंच." सव्वीस: "सवड मिळेल तेव्हा ये."

पेन माझ्या पर्समध्ये होतं. छापून झाल्यावर खाली पेनने एक ओळ लिहिता आली असती. हे मला तेव्हा सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण माझ्याकडे एक वही होती. त्यात प्रत्येक छापील पत्राला नंबर होता. तुमच्या उत्तरात काही संशय दिसला नाही की मी त्या नंबरापुढे बरोबरची खूण करत असे. सतरा पत्रं, सतरा खुणा. हे अठरावं होतं. पेनने ओळ लिहिली तर चाळीस वाक्यं पुरली नाहीत असं झालं असतं. पुढच्या रविवारी नीट घालू, असं मी ठरवलं. घातलं नाही.

याहून वाईट पुढे आहे.

मावशीची रीत तुम्हाला माहीत आहे. पत्र पाकिटात घालण्याआधी ते वाचून दाखवायचं. ती कागदाची खालची कड स्वतःच्या हातात धरायची आणि ऐकायची. पहिल्या छापील पत्रापासून मी कागदावरचं वाचत नव्हते. आदल्या दिवशी तिने जे सांगितलेलं असायचं तेच आठवून, वाचल्यासारखं म्हणत होते. कारण छापलेलं वाचलं असतं तर ती म्हणाली असती, हे मी कुठं बोलले? त्या रविवारी संध्याकाळीही मी तसंच केलं. कागदावर "सवड मिळेल तेव्हा ये" होतं. मी तिला तिचेच शब्द म्हणून दाखवले, ऑपरेशन, सही, सगळे. बनूबाई तिथेच होत्या. त्यांनी विचारलं, "लागलीच यायला सांगितलंय ना गं? त्याला कळंल ना?" मावशी म्हणाली, "कळंल. माजा पोरगा हाय त्यो."

तुमचं उत्तर १९ ऑगस्टला आलं. तुमची पत्रं मी जशीच्या तशी वाचत असे. तुम्ही लिहिलं होतं, "आई, तब्येतीला जप. पुढच्या मेमध्ये रजा मिळेल असं दिसतं, तेव्हा येतोच." मावशी म्हणाली, "पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचलं. ती म्हणाली, "बरं. कामाचं मानूस." आणि कात्री उचलली. धाग्याऐवजी कापड कापलं गेलं. बनूबाई म्हणाल्या, "अगं, बघ की जरा." तिने ती जीन्स बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

मी त्याच वेळी सांगू शकत होते. घरी येऊन कागद घेतला आणि "मागच्या पत्रात एक गोष्ट राहिली" एवढं लिहिलं. मग तुम्ही विचाराल कशी राहिली, आणि मला बाकीचंही सांगावं लागेल, हे दिसलं. कागद फाडला. अठरा नंबरपुढे मी खूण केली नाही. तेवढंच काय ते केलं.

त्यानंतर मावशीने ऑपरेशनचं पुन्हा कधी लिहायला सांगितलं नाही. एकदा सांगून झालं होतं, असं तिला वाटत होतं. माझ्या बाबांनी सही करतो म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "भीमराव, पोटचा पोरगा आस्ताना मी शेजाऱ्याच्या सहीवर नाय झोपायची." डॉक्टरांना तिने सांगितलं, मुलगा मेमध्ये येणार आहे, तेव्हा बघू. २ जानेवारीला तिला दवाखान्यात हलवलं आणि मी तार केली. चार तारखेला ती गेली. तुम्ही सहा तारखेला पोचलात.

ऑपरेशन जुलैत झालं असतं तर ती वाचली असती असं मला म्हणता येत नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलेलं नाही. नसती वाचली असंही सांगितलेलं नाही. मला खात्रीने एवढंच माहीत आहे की ती गेली तेव्हा तिची समजूत होती, तिने बोलावलं आणि तुम्ही आला नाहीत.

मीनल


बदलापूर, ता. १२ मार्च १९९५

नाथादादा,
सप्रेम जयभीम.

तुमचं उत्तर आलेलं नाही. मागितलंही नव्हतं.

सहा जानेवारीचं लिहायचं राहिलं आहे. तुम्ही बॅग घेऊन गल्लीत शिरलात तेव्हा बनूबाई म्हणाल्या, "आलास व्हय? विमानाला उशीर झाला आसंल." तुम्ही म्हणालात, मला कोणी कळवलं? त्या म्हणाल्या, "जुलैत चिठ्ठी धाडली, माझ्यासमोर वाचली. इचार मीनलला." सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुम्हीही. त्या वेळी मी म्हणाले, "मावशीने नंतर ते काढायला लावलं. म्हणाली, कळवू नको, उगाच नोकरी सोडून धावत येईल."

हे वाक्य तयार करायला मला काहीच वेळ लागला नाही. चाळीसांत ते नव्हतं.

लोकांना ते आवडलं. आईचं काळीज असंच असतं, म्हणाले. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. तुम्ही मात्र "म्हणजे तिला मी नकोच होतो" म्हणून बाहेर गेलात आणि आठवड्यात खोली सोडलीत. एका वर्षात मी हे कोणाला सांगितलं नाही. चाळीत माझं नाव चांगलं होतं. पोटच्या पोरापेक्षा शेजारच्या पोरीने जास्त केलं, असं माझ्यासमोर बोललं जायचं आणि मी गप्प बसायचे.

आता सांगितलं आहे. आधी घरी. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डबा हातात देताना म्हणाली, भाजीत मीठ जरा जास्त पडलंय. बाबांनी एकच विचारलं, "पेन होतं ना तुझ्याजवळ?" मी हो म्हटलं.

मग ५ तारखेला विठ्ठलवाडीला गेले. रविवार असूनही गाळा चालू होता. बनूबाई ढिगाशी बसल्या होत्या. मी उभ्यानेच सांगायला लागले. त्या म्हणाल्या, खाली बस, मान दुखती. बसले. सगळं सांगितलं. कॉम्प्युटरचं त्यांना फारसं कळलं नसावं. बाकीचं कळलं.

"पन तू वाचलंस की गं. मी ऐकलं या कानांनी."

"कागदावर ते नव्हतं."

"मग काय वाचलंस?"

"मावशी बोलली होती ते. कागदावर दुसरं होतं."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "म्हंजे कौसा हिकडं वाट बघत गेली. आन् त्याला तिकडं म्हाईतच नाय."

"हो."

"आन् मी त्याला विमानाचं बोलले."

त्यांनी हातातली जीन्स उलटीपालटी केली. मग म्हणाल्या, "मला त्याला चिठ्ठी लिवायचीय. तुझ्याकडनं नाय. दुसरी कोन पोरगी बघते."

त्यांचं पत्र तुम्हाला मिळालं असेल किंवा मिळेल.

अजून एक. CHITHI ची फ्लॉपी माझ्याकडे आहे. मोडून टाकली असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मोडलेली नाही. अक्षरं काढतानाचे ते रविवार माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. शिरोरेघ जुळली तेव्हाचा आनंद अजून तसाच आठवतो आणि तो आठवतो याचीच सगळ्यांत जास्त लाज वाटते. नोकरीतल्या कामाव्यतिरिक्त मी वर्षभरात काहीही केलेलं नाही. तुम्ही दिलेला कॅसिओही तसाच आहे. बॅटरी संपली, ती घातलेली नाही.

मीनल


बदलापूर, ता. ७ मे १९९५

नाथादादा,
सप्रेम जयभीम.

तुमचं पाकीट २९ एप्रिलला मिळालं. आत तेवीस पत्रं होती, सगळी छापील, घड्यांवर विरलेली. वेगळी चिठ्ठी नव्हती. पहिल्या पत्राच्या डोक्यावर तुम्ही लाल पेन्सिलीने लिहिलं आहे: "यातलं तिचं कुठलं? खूण करून पाठव."

मी आठ दिवस हेच काम केलं. वहीत प्रत्येक पत्रासाठी कुठले नंबर घातले ते लिहिलेलं आहे. पण तो नंबर लावण्याआधी ती काय बोलली होती, हे कुठेच लिहिलेलं नाही. ते फक्त मला आठवणार. ती बोलायची तेव्हा मी पुढचा नंबर शोधत असायचे. दुसऱ्या दिवशी वाचून दाखवेपर्यंत ते माझ्या डोक्यात टिकायचं, मग त्याची गरज संपायची.

चौथं पत्र. "जेवणखाण वेळेवर करत जा" असं छापलं आहे. ती बोलली होती की गाळ्याच्या सिंधी मालकिणीने साई भाजी म्हणून पालकाची भाजी दिली, डाळ घालून केलेली, आंबटसर. नाथ्याने दोन वाट्या खाल्ली असती.

नववं. स्वप्नाचं काहीतरी होतं. स्वप्नात तुम्ही लहान होता आणि अंबरनाथच्या देवळाजवळच्या ओढ्यात तुमची चप्पल वाहून गेली. त्यापुढे आणखी होतं. आठवत नाही.

अकरावं. आयटीआयमधला तुमच्याबरोबरचा जनू तिला स्टेशनवर भेटला. त्याचं टक्कल पडलं आहे, तू डोक्याला तेल लावत जा, असं. याला मी "तब्येतीची काळजी घे" हा नंबर लावला होता.

पंधरावं, एप्रिल १९९३ चं. महिन्यावरून प्रोग्रॅमने "जयंती जोरात झाली" असं घातलं. त्या वर्षी आपल्या गल्लीत बँड लागला नव्हता. बनूबाईंचे यजमान आठवडाभर आधी गेले होते आणि मावशीने तेच सांगितलं होतं. तुम्ही पुढच्या पत्रात त्यांना जयभीम सांगायला लिहिलंत. ती ओळ मी वाचताना गाळली. तुमची पत्रं जशीच्या तशी वाचली असं मी मागे लिहिलं, त्याला हा एक अपवाद आहे.

विसावं. सप्टेंबर १९९३. तिने विचारलं होतं, मस्कतला पण आपल्यासारखाच चंद्र दिसतो का. मी म्हटलं हो, तोच. ती म्हणाली, मग ते लिवायची गरज नाय.

ही पाच आणि अठरावं, अशी सहा. उरलेल्या सतरांवर शब्दांपाशी मी एकही खूण केलेली नाही. अंदाजाने काही लिहिता आलं असतं. तुम्हाला कळलंही नसतं. ते मी पूर्वी केलं आहे.

पण एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. कागदाच्या खालच्या कडेला, उजवीकडे, निळा डाग आहे. जीन्सचा रंग तिच्या बोटांना असायचा आणि ऐकताना ती तिथे धरायची. एकविसाव्यापर्यंत तो प्रत्येक कागदावर आहे. बाविसाव्यावर फिकट आहे. तेविसाव्यावर नाही, तेव्हा ती गाळ्यावर जात नव्हती. त्या डागांभोवती मी पेन्सिलीने गोल केले आहेत. ते तिचे आहेत, याची खात्री आहे.

तेवीस पत्रं याच पाकिटात परत पाठवत आहे. तुमची चौऱ्याहत्तर माझ्याकडेच आहेत. जाळलेली नाहीत.

अठराव्या पत्रात छापील मजकूर संपल्यावर चार बोटं जागा कोरी आहे. तेव्हाही होती. तिथे आता मी पेनने लिहिलं आहे. यात माझं काही नाही. त्या रविवारी संध्याकाळी हे मी तिला म्हणून दाखवलं होतं आणि तिने मान हलवली होती, म्हणून मला शब्दन् शब्द पाठ आहे. प्रवासात शाई पुसली तर असू दे, म्हणून इथे पुन्हा उतरवते.

"नाथ्या, माज्या पोटात गाठ हाय. डाक्टर म्हनतो ऑपरेशन करायचं. कागदावर सही लागती, ती तूच करायची. तू येस्तोवर मी टेबलावर झोपनार नाय. घाबरू नको, लई दुखत नाय. सायबाला सांग, आय बोलावती. येताना माज्यासाठी काय आनू नको. निस्ता ये."

मीनल